शब्दचर्चा : दारू ‘पचते’, ‘चढते’ आणि ‘उतरते’ म्हणजे नेमके काय? (लिहिणाऱ्यांच्या नावाऐवजी त्यांची सोलापुरातली वस्ती दिली आहे.)

बाळीवेस
महाविद्यालयांत लावण्यासाठी दारूच्या परिणामांचा फलक मराठीत लिहीत आहे. एका ओळीत ‘दारू पचायला वेळ लागतो’ असे लिहिले आहे. बोलण्यात तर सर्रास ‘त्याला चांगली पचते’ म्हणतात. शब्द बरोबर आहे का? ‘चढणे’ आणि ‘उतरणे’ हे शब्दही वापरायचे आहेत.

जुळे सोलापूर
ताई, ‘पचणे’ नको. ज्वारीची कडक भाकरी पचते, म्हणजे तिच्यातल्या पिठूळ भागाची आधी साखर होते आणि मग ती आतड्यातून रक्तात जाते. मद्यार्काला, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलला, असले काहीच लागत नाही. त्याचा रेणू फार लहान असतो आणि पाण्यात सहज मिसळतो, त्यामुळे तो जसाच्या तसा रक्तात झिरपतो. साधारण २० टक्के जठरातून आणि बाकीचा लहान आतड्यातून. म्हणून इथे ‘शोषली जाते’ लिहा.

जेवून प्यायले तर जठराचे खालचे दार हळूहळू उघडते, दारू आतड्यात उशिरा पोचते आणि रक्तातले प्रमाण कमी उंचीवर थांबते. तूप खाऊन पोटाला ‘अस्तर’ लागते म्हणतात, तसे अस्तर मात्र कुठेच लागत नाही.

पुढचे काम यकृताचे. त्यासाठी ‘जाळणे’ हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) मद्यार्काचे असिटाल्डिहाइड करते. हा मधला पदार्थ मूळ दारूपेक्षा जास्त विषारी असतो. दुसरे विकर त्याचे असिटेट करते आणि शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड उरतो. न जळता श्वास, लघवी आणि घामातून जाणारा भाग २ ते १० टक्केच. घाम काढून किंवा पाणी पिऊन दारू ‘निघून जात’ नाही, ती यामुळेच.

जाळण्याचा वेग ठरलेला असतो : तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅम. ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये (४२.८ टक्के) २० ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे एका पेगला दोन तास किंवा अधिक. ६५० मिलीच्या ८ टक्के स्ट्राँग बिअरमध्ये तो ४१ ग्रॅम भरतो. ‘बिअरच तर आहे’ म्हणणाऱ्याने दोन मोठे पेग घेतलेले असतात. हे फलकावर जरूर घ्या.

बाळीवेस
मग ‘चांगली पचते’ म्हणतात त्या माणसाचे काय?

जुळे सोलापूर
त्याचा मेंदू सरावलेला असतो. रोजच्या पिण्याने यकृताचा वेगही थोडा वाढतो, पण मुख्य बदल मेंदूत होतो. जीभ अडखळत नाही, झोक जात नाही, म्हणून तो जास्त पितो आणि यकृतावरचा भार वाढतच जातो. अशा माणसाने एकदम बंद केली की हात थरथरतात, झटके येऊ शकतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. ‘पचते’ हा शब्द या माणसाला शाबासकी देतो, म्हणूनही तो नको.

कन्ना चौक
‘चढणे’ शास्त्राला धरून आहे. रक्तातले प्रमाण खरेच चढते. रिकाम्या पोटी अर्ध्या ते दीड तासात ते सर्वांत वर जाते. फसवतो तो ‘उतरणे’.

समजा रक्तात १०० मिलीला ८० मिलिग्रॅम मद्यार्क आहे. प्रमाण चढताना माणसाला गरगरल्यासारखे वाटते. दोन-तीन तासांनी उतरताना तेच ८० असते, तेव्हा मात्र तो म्हणतो, ‘उतरली आता.’ मेंदू तेवढ्या वेळात जुळवून घेतो, पण ब्रेकवरचा पाय तितकाच उशिरा पडतो.

हिशेब मांडते. ६० किलोच्या पुरुषाने १८० मिलीची क्वार्टर रात्री ११ पर्यंत संपवली. मद्यार्क सुमारे ६१ ग्रॅम. रक्तात १०० मिलीला अंदाजे १५० मिलिग्रॅम. तासाला १५ ने उतरले तर सकाळी ६ वाजता ४५ उरते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५ ची मर्यादा ३० आहे. झोप झाली, अंघोळ झाली, चहा झाला, तरी तो पुणे रस्त्याला गाडी काढेल तेव्हा गुन्हाच असेल. बाईच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असल्याने त्याच वजनाला आणि तेवढ्याच दारूला आकडा आणखी वर जातो.

विजापूर वेस
यात ‘उतारा’ही जोडा. लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी यांनी यकृताचा वेग वाढत नाही. कॉफीने झोप उडते, एवढेच. सकाळी पुन्हा थोडी घेणे, ज्याला पिणारे उतारा म्हणतात, ते फक्त हिशेब पुढे ढकलणे आहे.

एका ठिकाणी मात्र हा शब्द अक्षरशः खरा ठरतो. विषारी दारूत मिथेनॉल असते. यकृतातले तेच अल्कोहोल डिहायड्रोजिनेज त्याचे फॉर्मल्डिहाइड करते, पुढे त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि त्याने डोळे जातात. रुग्णालयात अशा रुग्णाला फोमेपिझोल हे औषध किंवा मोजून इथेनॉल (साध्या दारूतला मद्यार्क) देतात, म्हणजे विकर तिकडे गुंतून राहते. घरी हा प्रयोग कधीही करायचा नाही. प्यायल्यानंतर १०-२४ तासांनी धूसर दिसू लागले, श्वास भराभर चालू लागला, तर थेट दवाखाना.

अशोक चौक
सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक वाचकांसाठी ताडीचाही उल्लेख हवा. तेलुगूत शिंदीची ती ‘ईत कल्लु’ आणि ताडाची ‘ताटि कल्लु’. भेसळीच्या ताडीत अनेकदा क्लोरल हायड्रेट हे झोपेचे औषध असते. मद्यार्कासोबत ते गेले की दोघांचा परिणाम वाढतो आणि श्वास मंदावू शकतो. ‘आज ताडी कडक होती’ म्हणतात, तेव्हा कडकपणा आंबण्यातूनच आलेला असेल असे नाही. आणि ‘चढली’ व ‘लागली’ यांत गल्लत नको : चढली एका रात्रीपुरती, लागली म्हणजे सवय जडली.

कन्ना चौक
हँगओवरला ‘खुमारी’ सुचवू नका. फारसी-उर्दूत खुमार म्हणजे नशा उतरतानाचा जडपणाच, पण मराठीत खुमारीला गोडी आहे. साधे ‘दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी’ लिहा. दारू लघवी रोखणाऱ्या संप्रेरकाला दाबते, पाणी जाते, झोपही तुटक होते, त्यातून ती येते.

बाळीवेस
ओळ बदलली : ‘यकृत एक मोठा पेग जाळायला दोन तास किंवा जास्त घेते. उतरल्यासारखे वाटले तरी रक्तात असते.’ ‘उतरल्यासारखे’ ठळक छापते.