ओ पॉझिटिव्ह कोणी आहे का? (अर्जंट)

अमोल सी-२०१: नमस्कार मंडळी, स्नेहलला डेंग्यू झालाय, कालपासून अ‍ॅडमिट आहे. ताप उतरला आज सकाळी पण प्लेटलेट ३८ हजारावर आल्यात. हॉस्पिटलवाले म्हणतायत डोनर तयार ठेवा. ओ पॉझिटिव्ह कोणी आहे का? प्लीज बाकीच्या ग्रुपवर पण टाका

जोशी सेक्रेटरी: अरे बापरे. सगळ्यांनी बघा जरा. पार्किंगचा विषय उद्या.

पाटील काका ए-१०३: अमोल घाबरू नको, पपईच्या पानांचा रस दे सकाळ संध्याकाळ. माझ्या मेव्हण्याच्या २० हजारावरून लाखावर गेल्या तीन दिवसात. किवी पण दे. आणि माझं ओ पॉझिटिव्हच आहे, रात्री बाराला बोलाव, येतो

मंदाकाकू बी-३०४: अमोल, ते नंतर. आधी सांग, हिरड्यांतून, नाकातून रक्त येतंय का? पोट दुखतंय का, उलट्या? आणि रिपोर्टवर पीसीव्ही म्हणून एक आकडा असतो, तो कालचा किती आणि आजचा किती

अमोल सी-२०१: रक्त कुठून नाही काकू. पोट दुपारपासून दुखतंय म्हणते. पीसीव्ही काल ३६ होता आज संध्याकाळी ४४. वाढलाय म्हणजे चांगलं ना?

मंदाकाकू बी-३०४: नाही रे बाळा. वरणातलं पाणी आटलं की डाळ वाढल्यासारखी दिसते ना, डाळ तेवढीच असते, तसं आहे हे. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, पेशी आतच राहतात. पीसीव्ही म्हणजे शंभर भाग रक्तात लाल पेशी किती, म्हणून ३६ च्या ४४ झाल्या. बीपी खाली येतं ते त्यानेच, आणि हे ताप उतरल्यावरच होतं, आपण म्हणतो चला सुटलो. तू आत्ता ड्युटीवरच्या डॉक्टरांना हे दोन आकडे आणि पोटाचं सांग. इथे टाईप करत बसू नको

जोशी सेक्रेटरी: ताई पण सगळे तर प्लेटलेटच विचारतात

मंदाकाकू बी-३०४: विचारतातच, ३१ वर्षं ब्लड बँकेच्या काउंटरवर मी तेच ऐकलंय. प्लेटलेट म्हणजे तुकडे हो, अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशीचे तुटलेले तुकडे, जखम झाली की तिथे जाऊन चिकटतात. नॉर्मल दीड ते साडेचार लाख. ३८ हजार वाचून धडकी भरते पण कुठून रक्त येत नसेल तर साधारण १० हजाराच्या खाली जाईपर्यंत देत नाहीत, आणि दिल्या तरी डेंग्यूत फार टिकत नाहीत. सलाईन किती आणि कधी द्यायचं हे जास्त महत्त्वाचं

ओजस बी-३०२: आजी आमच्या पुस्तकात प्लाझ्मा, लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असं चार्टमधे आहे फक्त. खरं दिसतं का ते वेगवेगळं?

मंदाकाकू बी-३०४: दिसतं की. ३५० मिलीची पिशवी सेंट्रिफ्यूजमधे गरगर फिरवून काढली की खाली गडद लाल, वर पिवळसर पाणी आणि दोन्हीच्या मधे दुधावरच्या सायीसारखा पातळ पांढुरका थर. ती साय म्हणजे पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट, सगळी मिळून एक टक्का पण नाही. पिवळं जवळपास ५५ टक्के, त्यात ९० टक्क्यांच्या वर पाणीच पण उरलेल्यात अल्ब्युमिन असतं जे पाणी वाहिनीत धरून ठेवतं, अँटीबॉडी असतात, गुठळी करणारी प्रथिनं असतात. लाल पेशीला केंद्रकच नसतं, हिमोग्लोबिन जास्त मावावं म्हणून ते टाकूनच देते, आणि १२० दिवस ऑक्सिजनची हमाली करून संपते

आणि या सगळ्यांचे नखरे वेगळे बरं का. लाल पेशी फ्रीजमधे ३५ ते ४२ दिवस राहतात. प्लाझ्मा उणे ३० ला गोठवला की वर्षभर. प्लेटलेट फ्रीजमधे ठेवल्या की वाया गेल्या समज, त्यांना २२ डिग्रीच्या आसपास आणि सतत डोलवत ठेवायचं, पाळण्यासारखं, तरी पाचच दिवस. चांगली पिशवी उजेडासमोर धरून हलवली की आत धुराच्या वेटोळ्यासारखं फिरताना दिसतं. तसं दिसलं नाही तर मी पिशवी बाहेर पाठवायची नाही, मग कोणी कितीही आरडाओरडा करो

तन्वी डी-५०४: काकू मग आम्ही ओ पॉझिटिव्ह आहोत म्हणून गेलो की झालं ना?

मंदाकाकू बी-३०४: परत तपासणारच, कार्डावरचा ग्रुप आम्ही कधीच धरला नाही. बॉम्बे ग्रुप ऐकलायस ना, १९५२ मधे आपल्या मुंबईतच डॉ. भेंडेंनी शोधला, साध्या टेस्टमधे ती माणसं ओ च दिसतात पण ओ चं रक्त त्यांना चालत नाही. आणि प्लेटलेट मशिनवर द्यायच्या असतील तर तास दीड तास काढून जा, नीट जेवून जा. रक्त बाहेर येतं, प्लेटलेट तेवढ्या ठेवून बाकीचं तुलाच परत. एकटीकडून चार-सहा पिशव्यांइतक्या निघतात. तीन दिवसात अ‍ॅस्पिरिन घेतली असेल तर मात्र चालत नाही

अमोल सी-२०१: काकू डॉक्टर येऊन गेले, सलाईन वाढवलंय, दर चार तासांनी पीसीव्ही बघणार. प्लेटलेट आत्ता नको म्हणाले, डोनर फक्त फोनवर राहू द्या

मंदाकाकू बी-३०४: छान. अंग दुखलं तर पॅरासिटामॉलच, ब्रुफेन वगैरे कोणी आणून देऊ नका. आणि पाटीलभाऊ, तो रस राहू द्या, आधीच मळमळतंय तिला, कडू पोटात गेलं की सगळं उलटून पडायचं

पाटील काका ए-१०३: बरं. रस कॅन्सल. रक्त द्यायला तरी जातो उद्या, बसून राहवत नाही

(दुसऱ्या दिवशी)

अमोल सी-२०१: पीसीव्ही ३९, पोट थांबलं. प्लेटलेट ३१ हजार, पण डॉक्टर म्हणतात काळजी नको. सकाळी चहा बिस्कीट मागितलं तिने

पाटील काका ए-१०३: मला परत पाठवलं हो. बोटाला टोचून थेंब निळ्या पाण्यात टाकला तर तो वरच तरंगत राहिला. बाई म्हणाली हिमोग्लोबिन कमी, नाही घेणार. चांगला ठणठणीत आहे मी, जिने चढतो रोज

मंदाकाकू बी-३०४: ते मोरचुदाचं पाणी. हिमोग्लोबिन १२.५ च्या वर असेल तर थेंब जड होऊन बुडतो, तुमचा बुडाला नाही. साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, करून घ्या आज, तोच आकडा नीट कळेल. बायकांचं कमी असतं ते समजतं, पण ५८ व्या वर्षी पुरुषाचं कमी झालं तर रक्त कुठूनतरी जातंय का ते बघावं लागतं. अ‍ॅसिडिटीच्या आणि गुडघ्याच्या गोळ्या खाता ना तुम्ही? शौचाला काळं होतं का

पाटील काका ए-१०३: ग्रुपवर काय विचारता ताई

मंदाकाकू बी-३०४: बरं खाली या, पायरीवर बसलेय. रिपोर्ट आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन या. आणि बीट-खजूर सुरू करू नका परस्पर

जोशी सेक्रेटरी: पार्किंगची मीटिंग आज संध्याकाळी ७ ला. पाटीलकाका तुम्ही नाही आलात तरी चालेल