शॅननचा फोटो शाळेत लावला तर कोणाच्या पोटात का दुखावं?

मास्तर_दर्यापूर: विज्ञान दिनाला शाळेत, निरोप धाडण्यामागचं गणित मांडणारे क्लॉड शॅनन आणि थॉमस कैलथ यांचे फोटो लावू म्हटलं, तर गावच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थानं लिहिलं, "कागदावर गणितं मांडणाऱ्याले मेडल, अन् टॉवरवर चढणाऱ्याले ठेंगा!" तिथं बोललो तर भांडण, म्हणून इथं लिहितो. तारेत खरखर असली तरी ठरावीक वेगाच्या आत राहून निरोपातल्या चुका हव्या तेवढ्या कमी करता येतात, हे शॅनननं १९४८ मध्ये सिद्ध केलं. याच माणसानं पोरवयात काटेरी कुंपणाच्या तारेवरून अर्ध्या मैलावरच्या मित्राला निरोप धाडले होते. कुंपण आपल्याकडेही आहे. आपण त्यावर गोधड्या वाळवतो.

पऱ्हाटीवाला: तो सद्गृहस्थ मीच. शॅनन मोठा असन, मी कुठं नाई म्हंतो? पण पिकाची नोंद मोबाइलवरून कराची होती. वावरात नेटवर्क नाई, म्हून विहिरीच्या काठावर चढलो. फोन गेला आत. ओटीपी आला असन तं बेडकायले आला. आता सत्कार कोनाचा करू?

अनुशेष_कधी: कैलथ म्हणजे पुण्यात जन्मलेले, पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले ना? म्हणजे फोटोही पुण्याचाच! विदर्भाच्या वाट्याला काय, भिंत?

मास्तर_दर्यापूर: १९३५ चा जन्म आहे त्यांचा. तेव्हा तुमचा अनुशेष कुठं होता? २००० साली शॅनन पुरस्कार, २००९ ला पद्मभूषण.

अनुशेष_कधी: आणि पहिला शॅनन पुरस्कार खुद्द शॅननलाच! आमच्या पतसंस्थेतही असंच चालते.

तूरडाळ: मुद्दा टॉवरचा आहे राजेहो. आमच्या इकडं लाईन गेली की टॉवर पाच मिनिटात मान टाकते. बॅटऱ्या कोनं नेल्या, साऱ्या गावाले मालूम.

पऱ्हाटीवाला: तुह्या घरच्या इन्व्हर्टरले कोनती बॅटरी आहे बे?

तूरडाळ: तोंड सांभाळ. पावती आहे माह्यापाशी.

पऱ्हाटीवाला: हाव, पावतीवर तारीख कोनती तेबी सांग.

उंचावरचा_गडी: भांडा. मी सहा वर्षं टॉवरवर चढलो, कंत्राटदाराकडं. पोरं तीन, सेफ्टी बेल्ट एक. दोघं खाली देवाचं नाव घेत उभे. मले मेडल नको, दोन बेल्ट पायजे होते. पन माह्या नावानं मास्तरचा फोटो अडवू नका. मी त्याले कधी नाई म्हटलं नाई.

मास्तर_दर्यापूर: पऱ्हाटीवाला, कृषी केंद्राच्या काउंटरवरचा क्यूआर कोड औषधाच्या डागानं अर्धवट पुसलाय, तरी तुमचे पैसे जातात ना? रीड आणि सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेलं गणित आहे ते. थोडाफार गेलेला भाग उरलेल्यावरून काढता येतो.

पऱ्हाटीवाला: पैसे जातेत, हे मातर खरं. यायच्या वक्ताले तुमचं गणित कुठं जाते? बरं, लावा तुमचा शॅनन. खाली काटेरी तारीचा तुकडा टांगा, तार मी देतो. अन् तूरडाळ, पावतीचा फोटो टाक.