कॉपर + संहत नायट्रिक आम्ल: ऑक्सिजन जुळत नाही (दहावी), मदत हवी आहे

भाचीचा गृहपाठ आहे. समीकरण संतुलित करायचं आहे: कॉपर आणि संहत नायट्रिक आम्लापासून कॉपर नायट्रेट, नायट्रोजन डायऑक्साइड आणि पाणी. उजवीकडे नायट्रोजन ३, म्हणून तिने ३ आम्ल घेतलं. मग हायड्रोजन विषम झाला म्हणून सगळं दुप्पट केलं: २ कॉपर, ६ आम्ल, उजवीकडे २ कॉपर नायट्रेट, २ डायऑक्साइड, ३ पाणी. तरी ऑक्सिजन डावीकडे १८, उजवीकडे १९.
दुसरं, २ आयर्न आणि ३ सल्फेट असलेल्या संयुगाला 'डायआयर्न ट्रायसल्फेट' लिहिलं तर चूक दिलं. मग डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड कसं चालतं?

प्रतिसाद १
तिने वायूचा (नायट्रोजन डायऑक्साइडचा) १ रेणू गृहीत धरला, तिथेच गाडी अडली. दुप्पट केल्याने प्रमाण तेच राहतं. इथे आधी इलेक्ट्रॉन मोजा. ऑक्सिडेशन अंक (अणूने किती इलेक्ट्रॉन दिले-घेतले याचा हिशेब) बघा: कॉपर ० वरून +२ वर जातं, म्हणजे २ इलेक्ट्रॉन देतं. नायट्रोजन +५ वरून +४ वर येतो, १ घेतो. म्हणून एका कॉपरमागे डायऑक्साइडचे २ रेणू.
आता आम्ल: २ वायूसाठी आणि २ नायट्रेट म्हणून तसंच राहणारं, एकूण ४. हायड्रोजन ४, म्हणून पाणी २.

कॉपर + ४ नायट्रिक आम्ल → कॉपर नायट्रेट + २ नायट्रोजन डायऑक्साइड + २ पाणी

ऑक्सिजन शेवटी, फक्त ताळा म्हणून: १२ = ६ + ४ + २. काही झालं तरी रेणुसूत्रातले आकडे बदलू देऊ नका, पदार्थच बदलतो.

प्रतिसाद २
नावाबद्दल: दोन्ही अधातू असतील तरच डाय, ट्राय. नायट्रोजनची ऑक्साइडं बरीच आहेत, अणू मोजून सांगावेच लागतात. आयनिक संयुगात प्रमाण प्रभारच ठरवतो. ३ सल्फेटचा प्रभार -६, तो २ आयर्नवर वाटला की प्रत्येकी +३. म्हणून आयर्न, कंसात रोमन तीन, मग सल्फेट. जुनं नाव फेरिक सल्फेट. हा तीन आयर्नचा प्रभार आहे, सल्फेटची संख्या नव्हे. इथे दोन्ही तीनच असल्याने मुलं हमखास फसतात. ॲल्युमिनियमला नेहमी +३, तिथे रोमन अंक नको.

धागाकर्ती
समजलं, आभार! विरल आम्लाला हीच पद्धत?

प्रतिसाद १
हीच. फक्त वायू नायट्रिक ऑक्साइड, नायट्रोजन +२ वर येतो, म्हणजे ३ इलेक्ट्रॉन घेतो. २ आणि ३ चा लसावि ६: कॉपर ३, वायू २. आम्ल ६ + २ = ८, पाणी ४. ऑक्सिजनचा ताळा तिलाच करू द्या, दोन्हीकडे २४ यायला हवेत.