पानगळीतली शिवारफेरी

वनस्पतिशास्त्राची सहल पावसाळ्यातच काढावी, एरवी टेकडीवर बघण्यासारखं काही नसतं, हे मत गवतं आणि कंदवर्गीयांपुरतं मान्य. पण देशी झाडांसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यातल्या वेताळ टेकडीवर एक फेरी हवीच. तेव्हा साळई आणि मोई निष्पर्ण असतात आणि त्याच अवस्थेत फुलतात. पानं नसल्यामुळे विद्यार्थ्यांना सालीकडे बघावंच लागतं. साळईचे कागदासारखे पापुद्रे सुटतात, सालीवर खाच पडलेली असली तर तिथला सुगंधी डिंकही दिसतो. (साल मुद्दाम खरवडू मात्र नये!)

त्याच सुमारास मध्य अमेरिकेतून आलेला गिरिपुष्पही गुलाबी फुलतो, त्यामुळे लागवडीचं झाड कुठे आणि मूळचं कुठे, हे एकाच उतारावर शेजारी शेजारी दाखवता येतं.