१९६९ ची राष्ट्रपती निवडणूक : देशमुखांच्या मतांवर गिरी निवडून आले का?

सावित्रीकाठ :
मी महाडची. आमच्याकडे नाते गावाचा विषय निघाला की चिंतामणराव देशमुख आलेच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, अर्थमंत्री, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले. पण १९६९ मध्ये ते राष्ट्रपतिपदासाठी उभे होते, हे मला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताना कळलं. गाईडमध्ये एका ओळीत आटपलंय : गिरी, रेड्डी, देशमुख अशी लढत, दुसऱ्या पसंतीच्या मतांवर गिरी विजयी. पंतप्रधानांच्याच पक्षाचा उमेदवार पडला कसा? आणि देशमुखांची मतं गिरींकडे गेली असा याचा अर्थ घ्यायचा का? पाठ करायचं नाहीये, समजून घ्यायचंय.

जुनाखातेदार :
ताई, देशमुखांबद्दल विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी तेव्हा पुण्यात एका बँकेत नुकताच चिकटलो होतो, आणि राष्ट्रीयीकरण झालेल्या चौदा बँकांपैकीच आमची एक. त्यामुळे तो उन्हाळा-पावसाळा पक्का लक्षात आहे.

३ मे १९६९ रोजी डॉ. झाकीर हुसेन पदावर असतानाच गेले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैत बंगळूरला काँग्रेसची बैठक भरली. इंदिरा गांधींना उमेदवार म्हणून जगजीवन राम हवे होते. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या संसदीय मंडळात कामराज, स. का. पाटील, मोरारजी आणि यशवंतराव चव्हाण या चौघांनी नीलम संजीव रेड्डींना कौल दिला. यशवंतराव तिकडे गेले याचं आमच्याकडे मोठ्यांना फार नवल वाटलं होतं. पंतप्रधान आपल्याच पक्षाच्या मंडळात अल्पमतात गेल्या.

तिथून आठवडाभरात सगळं उलटंपालटं झालं. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखातं काढून घेतलं, त्यांनी राजीनामा दिला. १९ तारखेला, शनिवारी, बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही हंगामी राष्ट्रपती गिरींची. दुसऱ्या दिवशी गिरी पायउतार झाले आणि अपक्ष म्हणून रिंगणात. राष्ट्रपती नाही, उपराष्ट्रपतीही नाही, म्हणून सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी राष्ट्रपतिपदाचा कारभार पाहिला. सोमवारी सकाळी माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी गाजत होती आणि आमच्या शाखेच्या दारात, कुलूप उघडायच्या आधीच, लोक पासबुकं घेऊन उभे : आमच्या ठेवी सरकार घेणार का हो? हेडक्लार्कसाहेब एकेकाला समजावत होते, नुसता मालक बदललाय, पैसे तुमचेच. पंधरवड्यात तीच माणसं इंदिराबाईंचं नाव कौतुकाने घ्यायला लागली. ही हवा मतदानापर्यंत टिकली, आणि आमदार-खासदारांनाही ती कळत होती.

आता रेड्डींचं. त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून खुद्द इंदिरा गांधींची सही होती. पण काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले. या दोन पक्षांचा उमेदवार देशमुख. पहिली पसंती त्यांना द्या, दुसरी आमच्या रेड्डींना द्या, अशी ती बोलणी. पंतप्रधानांच्या गटाने हेच धरलं. पक्षाने व्हिप, म्हणजे ठरलेल्या उमेदवारालाच मत द्यायचा आदेश, काढावा ही मागणी त्यांनी फेटाळली आणि ज्याने त्याने आपल्या विवेकाला स्मरून मत द्यावं असं सांगून टाकलं. डावे पक्ष, द्रमुक, अकाली आधीच गिरींबरोबर होते.

१६ ऑगस्टला मतदान, २० ला मोजणी. या निवडणुकीत खासदार-आमदार मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २ असे पसंतीचे अंक लिहितात. पहिल्या पसंतीची मतं : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. (हे आकडे म्हणजे मतांचं मूल्य. एका खासदाराच्या मताचं मूल्य तेव्हा ५७६ होतं.) जिंकायला हवी होती ४,१८,१६९. गिरींना १६,६५४ कमी पडली. मग देशमुखांच्या आणि किरकोळ उमेदवारांच्या मतपत्रिकांवर पुढचा अंक कोणासमोर आहे ते पाहिलं. शेवटचा आकडा : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

वजाबाकी करून पाहा. या वाटपात गिरींना मिळाली १८,५६२ आणि रेड्डींना ९१,८७९. म्हणजे देशमुखांची मतं पाचपट रेड्डींकडे गेली! जनसंघ-स्वतंत्र यांनी ठरलेलं बऱ्यापैकी पाळलं. रेड्डी पडले ते पहिल्याच पसंतीत, स्वतःच्या पक्षाच्या माणसांनी साथ सोडल्यामुळे. गाईडमधली ओळ खोटी नाही, पण तिच्यावरून उलटाच समज होतो. अंतिम फरक १४,६५० चा. तेरा खासदार गिरींऐवजी रेड्डींकडे वळले असते तर राष्ट्रपती रेड्डी झाले असते.

घाटमाथा :
मग देशमुखांनी त्या भानगडीत पडायलाच नको होतं. एवढा विद्वान माणूस, आणि त्याच्या नावाची मतं फक्त दुसऱ्याकडे वळवण्यासाठी वापरली गेली.

जुनाखातेदार :
मला हे पटत नाही. तिघांमध्ये या पदाला सगळ्यात साजेसा माणूस तेच होते असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारा, देशाचा अर्थसंकल्प मांडणारा, महाराष्ट्रासाठी मंत्रिपदावर पाणी सोडणारा माणूस. राष्ट्रपतिपदासाठी पक्षाबाहेरचा जाणता माणूस पुढे यावा असं आपण म्हणतो. तो आला, तर त्याने उभंच राहू नये असं कसं म्हणायचं? दुसऱ्या पसंतीचं बोलणं पक्षांनी केलं, त्याचा डाग देशमुखांवर कशाला?

वकिलीवही :
दोन गोष्टी जोडतो. त्या वेळी एकूण पंधरा उमेदवार होते आणि पाच जणांना शून्य मतं. ८३१ मतं मिळालेले पां. ना. राजभोज हे आपल्या पुण्याचे, डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे जुने नेते. उगाच भरले जाणारे अर्ज रोखायला पुढे १९७४ मध्ये कायदा बदलला, दहा सूचक आणि दहा अनुमोदक लागू लागले. १९९७ पासून ते पन्नास-पन्नास आहेत.

दुसरं म्हणजे गिरींच्या निवडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली होती. रेड्डींची बदनामी करणारं एक पत्रक खासदारांमध्ये वाटलं गेलं, हा त्यातला मोठा मुद्दा. राष्ट्रपती असताना गिरींनी न्यायालयात स्वतः येऊन साक्ष दिली. १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली.

सावित्रीकाठ :
वजाबाकी करून पाहिली, बरोबर येतेय. खूप आभार, काका. मग पक्ष फुटला तो याच कारणाने ना? आणि यशवंतराव शेवटी कुठे गेले?

जुनाखातेदार :
हो. १२ नोव्हेंबरला इंदिरा गांधींनाच पक्षातून काढलं आणि दोन काँग्रेस झाल्या. पेपरवाले इंदिराबाईंच्या गटाला इंडिकेट आणि विरोधातल्या जुन्या नेत्यांच्या गटाला सिंडिकेट लिहायचे. मोरारजी आणि स. का. पाटील सिंडिकेटकडे राहिले, यशवंतराव इंदिराबाईंकडे. सरकारचं लोकसभेतलं बहुमत गेलं, द्रमुक आणि डाव्यांच्या पाठिंब्यावर १९७१ च्या निवडणुकीपर्यंत चाललं. रेड्डी १९७७ मध्ये राष्ट्रपती झाले, तेही बिनविरोध. परीक्षेला हे दोन्ही विचारतात, वर्षं उलटसुलट करू नका.