लेकीच्या वाढदिवसासाठी खेळ सुचवा (मदत हवी आहे)

येत्या रविवारी लेकीला ६ वर्षं पूर्ण होतील. ४ ते ९ वयाची १२-१३ मुलं येणार आहेत. पावसामुळे गच्ची बाद, सगळं हॉलमध्येच. खालच्या आजींना बरं नाही, त्यामुळे तळ्यात-मळ्यातसारख्या उड्याही नकोत.

संगीत खुर्ची मला मुळीच ठेवायची नाही. गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत बाद झालेला भाचा केक कापेपर्यंत आईच्या ओढणीत तोंड लपवून बसला होता. अजून डोळ्यांसमोर येतं ते.

'मामाचं पत्र हरवलं' भरभर चालत खेळवीन. ताटात १५ वस्तू मांडून झाकायच्या आणि आठवून सांगायच्या, तेही जोडीने, एक मोठा एक छोटा.

कुणीच बाद होणार नाही असे आणखी दोन-तीन बैठे खेळ सांगाल का? बक्षीस सगळ्यांना सारखंच द्यावं का?