युद्ध थांबवण्याचा अमेरिकी काँग्रेसचा अधिकार कागदावरच आहे का?

प्रश्न:
अमेरिकी राज्यघटनेने युद्ध जाहीर करण्याचा अधिकार काँग्रेसकडे ठेवला आणि राष्ट्राध्यक्षांना सरसेनापती केले. दुसऱ्या महायुद्धानंतर काँग्रेसने एकदाही रीतसर युद्ध पुकारलेले नाही, तरीही कोरिया आणि व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्य वर्षानुवर्षे लढले. यावर उपाय म्हणून १९७३ चा युद्धाधिकार ठराव झाला. मग त्याचा राष्ट्राध्यक्षांना धाक का वाटत नाही?

प्रतिसाद १:
तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी मोडून काढला, तेव्हा कुठे तो कायदा झाला. सैन्य लढाईत उतरवल्यावर ४८ तासांत काँग्रेसला कळवायचे आणि मंजुरी न मिळाल्यास ६० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत, माघार घ्यायची, अशी त्याची चौकट आहे. त्याआधीच माघार घ्यायला लावणारा ठराव राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवाय करण्याची सोयही त्यात होती. पण १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका परदेशी विद्यार्थ्याच्या हद्दपारीच्या खटल्यात (युद्धाशी त्याचा सुतराम संबंध नव्हता) सहीशिवायच्या ठरावांना कायद्याचे बळ नाही असे ठरवून त्यांचा पायाच काढून घेतला. आता असा ठराव सहीसाठी ज्याला आवरायचे त्याच्याच टेबलावर जातो. २०१९ मध्ये येमेनमधील युद्धातून अमेरिकेने अंग काढून घ्यावे असा ठराव दोन्ही सभागृहांत संमत झाला, ट्रम्प यांनी तो फेटाळला आणि नकार मोडायला लागणाऱ्या दोन-तृतीयांश मतांऐवजी सिनेटमध्ये त्यांच्याविरुद्ध जेमतेम ५३ मते पडली.

प्रतिसाद २:
वरील माहिती बरोबर असली तरी तिजोरीच्या किल्ल्या काँग्रेसकडे आहेत, हे विसरून चालणार नाही. जून १९७३ मध्ये कंबोडियातील बॉम्बफेकीचा पैसा तोडणारे विधेयक निक्सन यांनी फेटाळले आणि प्रतिनिधीगृहाला तो नकार मोडता आला नाही. परंतु आर्थिक वर्ष ३० जूनला संपत होते आणि खर्चाच्या मंजुरीविना सरकारी कारभार ठप्प झाला असता. त्यामुळे १५ ऑगस्टची मुदत मान्य करून निक्सन यांना सही करावीच लागली. बॉम्बफेक १५ ऑगस्टला थांबली.

प्रश्नकर्ता:
मग ६० दिवसांच्या अटीला काहीच अर्थ उरत नाही का?

प्रतिसाद १:
२०११ मध्ये लिबियात ती मुदत उलटली, तेव्हा ओबामा प्रशासनाने सांगितले की, तेथील मर्यादित हवाई कारवाई कायद्याला अभिप्रेत असलेल्या लढाईत मोडत नाही. पळवाट ढळढळीत होती, पण काँग्रेसनेही हात झटकलेच: २४ जून रोजी प्रतिनिधीगृहाने आधी मोहिमेला मंजुरी नाकारली आणि त्याच दिवशी तिचा पैसा रोखणारे विधेयकही पाडले.